नूरबानू होडेकरचा हरवलेला दगड

१

दगड जागेवर नव्हता.

मेहविश कबरींच्या दोन ओळी मागे गेली, पुन्हा पुढे आली आणि त्याच ठिकाणी येऊन थांबली. "काका, इथंच होता. मागच्या शुक्रवारी मी इथंच उभी राहून फातिहा पढले."

जयप्रकाश टिपणीसांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. वाळूचा बुटका उंचवटा होता तसाच होता. त्याच्या डोक्याशी मात्र एक लांबट खळगा पडला होता आणि त्याच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. दगड कुणीतरी उपटून नेला होता, आणि तोही अलीकडेच. इथला वारा वाळूतल्या खुणा फार दिवस ठेवत नाही.

त्या दगडावर नाव होतं नूरबानूचं. कुवेतमधल्या फार थोड्या लोकांना ते ठाऊक असेल, पण जयप्रकाशांना होतं.

शहात्तर साली पुण्यातल्या एका कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ निघाला. मुलींनी फुटबॉल खेळायचा ही गोष्टच तेव्हा लोकांना गमतीची वाटे. कॉलेजनं त्यांना मैदान दिलं ते भर दुपारचं, मुलांना नको असलेल्या वेळचं. बूट दिले ते मुलांनी वापरून टाकलेले. संघाची कप्तान रत्नागिरीची होती, नूरबानू होडेकर. सलवारीचे पाय घोट्याशी रबरानं बांधून आणि ढगळ बुटांत कापसाचे बोळे कोंबून ती खेळायची. इंजिनिअरिंगला असलेला जयप्रकाश मित्रांबरोबर पहिला सामना बघायला गेला तो हसायलाच. कंपाउंडच्या भिंतीवर बसून त्यांनी शिट्ट्या मारल्या. मग त्या मुलीनं मध्यावर चेंडू घेतला, तिघींना चकवलं आणि डाव्या पायानं असा फटका मारला, की बिनजाळ्याच्या गोलातून चेंडू थेट भिंतीवर, या सगळ्यांच्या पायांखाली येऊन आदळला. शिट्ट्या बंद झाल्या. पुढचे सगळे सामने जयप्रकाशनं मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिले.

तीच नूरबानू लग्न होऊन कुवेतला आली, इथल्या एका भारतीय शाळेत खेळाची टीचर झाली आणि नव्वद साली, इराकी फौजा शहरात शिरल्या त्या दिवसांत, इथंच वारली. जयप्रकाश शुऐबाच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात नोकरीला लागले ते युद्धानंतर. तिची कबर याच शहरात आहे हे त्यांना कळलं ते मेहविशमुळे. मेहविश तिची मुलगी. आई गेली तेव्हा सात वर्षांची होती. वडिलांनी, यूसुफ वस्तांनी, तिला रत्नागिरीला नेऊन वाढवलं. आता ती एका कार्गो ऑफिसात नोकरी घेऊन पुन्हा इथं आली होती. मराठी मंडळाच्या दोन हजार पाचच्या स्मरणिकेत नूरबानूवर लेख छापायचं ठरलं, आणि त्यासाठी कबरीचा फोटो काढायला ते आज आले होते.

फाटकाबाहेर गाडीत प्रभा हर्डीकर बसून होत्या. पुण्याच्या त्या संघाच्या गोलकीपर, आणि पुढे कुवेतच्या शाळेतही नूरबानूच्या सहकारी. लेखाची कल्पना त्यांचीच. गुडघे दुखतात म्हणून त्या आत आल्या नव्हत्या. दगड नाही हे ऐकल्यावर त्यांनी गाडीची काच पूर्ण खाली केली.

"नीट बघितलंत ना? भिंतीच्या कडेला वगैरे?"

"भिंत कुठाय तिथं, मावशी? कबर पार मधोमध आहे."

"मग इथल्याच लोकांनी हलवला असेल काही कारणानं. सापडेल गं. दगड कोण कशाला नेईल?"

"मला माहितीये कुणी नेला," मेहविश म्हणाली. तिचा चेहरा कोरडा होता. "नझीरमामूंनी. आणि मी आजपासून त्यांच्या घरी राहणार नाही."

२

नझीर होडेकर हे नूरबानूचे थोरले भाऊ. फरवानियात त्यांचं तांदूळ-मसाल्याचं दुकान होतं, आणि मेहविश त्यांच्याच घरी राहत होती. त्या शुक्रवारी दुपारीच ती बॅग घेऊन रिग्गईला टिपणीसांकडे आली. जयप्रकाशांच्या पत्नीनं, शर्मिलावहिनींनी, काही न विचारता मुलाची खोली तिला उघडून दिली.

मेहविशचं म्हणणं सरळ होतं. दगडाच्या कोपऱ्यात एक छोटा फुटबॉल कोरलेला होता. अब्बांनी मुद्दाम रत्नागिरीत कोरून घेतला होता. मामूंना तो कधीच पसंत पडला नाही. कबरीवर असली चित्रं नसावीत, असं ते म्हणायचे. लेखाचं कळल्यावर परवा पुन्हा वाद झाला. "आता तो बॉल छापून सगळ्या कुवेतला दाखवा," असं ते बोलले होते. आणि दोन दिवसांत दगड गायब.

शुऐबात जयप्रकाशांचं काम इन्स्पेक्शनचं. एखादी पाइपलाइन फुटली की प्रत्येक जण आधी गुन्हेगाराचं नाव सांगतो, ऑपरेटर वेल्डरचं आणि वेल्डर स्टोअरवाल्याचं. जयप्रकाश ऐकून घेत आणि मग फुटलेल्या पाइपाशी जाऊन बसत. इथं बसायला पाइप नव्हता. म्हणून ते आधी माणसाकडे गेले.

दुकानात वेलचीचा आणि गोणपाटाचा वास भरला होता. नझीरभाईंनी नोकराला बाहेर पाठवलं आणि स्वतः चहा ओतला.

"पोर जेवते का नीट?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

"जेवते."

"मासे आवडतात तिला. तुमच्यात होतात का?"

"होतात. नझीरभाई, तुम्हाला तो चेंडू नको होता, हे खरं ना?"

"खरं. यूसुफला तोंडावर बोललो. आता विचाराल तरी तेच बोलेन." त्यांनी कप खाली ठेवला. "पण साहेब, त्याच दगडावर माझ्या बापाचं नाव आहे. बहिणीच्या नावाखाली. तो उपटून मी नेऊ कुठं? बानू लहान होती तेव्हा भाट्याच्या वाळूत, ओहोटी लागली की आम्ही खेळायचो. पोरांमध्ये ती एकटी मुलगी. लोक बापाला नावं ठेवायचे. बाप म्हणायचा, भरती आली की येईल घरी. पुण्याला शिकायला पाठवली तेव्हा मीच पोचवायला गेलो होतो. बूट मला मागितलेन तिनं. मी नाय दिले. तेवढा एक राग तिनं माझ्यावर कायम ठेवला, आणि मी माझ्यावर."

जयप्रकाशांनी चहा संपवला. मग त्यांनी विचारलं, "ती गेली तेव्हा तुम्ही इथंच होता?"

"नाय. सुट्टीवर गावी होतो. उन्हाळ्यात निम्मी माणसं गावी असतात इथली. यूसुफनं सांगितलं तेच आम्हाला ठाऊक. ऑगस्टातच ताप येऊन गेली, त्यानं स्वतः माती दिली, आणि मग पोरीला घेऊन बसनं निघाला. बगदाद, अम्मान, तिथून विमानानं मुंबई."

"आणि दगड?"

"लढाईनंतर तो वर्षभर नोकरीला आला होता. तेव्हा बसवला. हातातल्या बॅगेतून विमानानं आणलान." नझीरभाई उठले आणि फळीवरून सुक्या बोंबलाची पुडी काढून त्यांनी जयप्रकाशांच्या हातात ठेवली. "माझं नाव सांगू नका. नायतर खायची नाय ती."

गाडीत बसल्यावर जयप्रकाशांनी पुडीकडे पाहिलं. या माणसानं दगड उपटला नव्हता, एवढं त्यांना कळलं. मग कुणी?

३

सोमवारी ड्यूटी संपल्यावर ते एकटेच कब्रस्तानात गेले. रखवालदारानं ओळखीची मान हलवली. या वेळी त्यांनी एका टोकापासून ओळीनं चालायला सुरुवात केली, जसं कारखान्यात पाइप तपासताना चालत तसं, एकही जागा न सोडता.

ऊन उतरत होतं. बऱ्याच कबरींवर नाव नव्हतं, नुसता खडबडीत दगड रोवलेला. मैदान ओलांडून ते पूर्वेच्या भिंतीपाशी आले आणि थांबले.

भिंतीच्या सावलीत नूरबानूचा काळा दगड उभा होता. एका अनोळखी कबरीच्या डोक्याशी. वरच्या कोपऱ्यात चेंडू, खाली नाव, त्याखाली वडिलांचं नाव. एक अक्षरसुद्धा खरवडलेलं नव्हतं.

जयप्रकाश गुडघ्यांवर बसले. दगड कुठंही कललेला नव्हता. पाया हलू नये म्हणून खाली विटेचा तुकडा घालून सांधा भरला होता. भरलेला माल सिमेंट नव्हता. करडा-गुलाबी आणि नखानं न खरवडला जाणारा तो पदार्थ त्यांच्या ओळखीचा होता. गाड्यांच्या पत्र्याचे पोचे भरायला गॅरेजवाले वापरतात ती पुट्टी. एक कपची त्यांनी रुमालात बांधून घेतली.

मग त्यांना दुसरी वस्तू दिसली. दगडामागे, नुकत्याच उकरलेल्या वाळूतून, एक पाइप वीतभर वर आला होता. त्यांनी हातानं वाळू बाजूला केली. पाइपवर पांढऱ्या रंगाचे थर होते, एकावर एक, दर वर्षी रंगवल्यासारखे. पण खाली, जिथं तो जमिनीत होता, तिथं रंग केव्हाच गेला होता, जस्ताचा मुलामा खाल्ला गेला होता आणि लोखंड पापुद्र्यांनी सुटत होतं. जयप्रकाशांचं सगळं आयुष्य असला गंज वाचण्यात गेलं होतं. या खारट जमिनीत इतका गंज चढायला बरीच वर्षं जावी लागतात. दगड नुकताच आला होता. पाइप मात्र युद्धाच्या आसपास कधीतरी इथं रोवला गेला होता आणि मध्यंतरी वाळूखाली गडप झाला होता.

पाइपाच्या अंगाला एक छोटा हूक वेल्ड केलेला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. कपडे अडकवायला तो फार लहान होता आणि वायर ओढून घ्यायला फार नाजूक.

मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते तसेच वाळूत बसून राहिले. असे हूक एकाच ठिकाणी असतात. त्यांत जाळं अडकवतात.

या बेनाव कबरीच्या उशाला कुणीतरी, किती तरी वर्षांपूर्वी, फुटबॉलच्या गोलपोस्टचा तुकडा पुरून ठेवला होता. मग तिकडे मधोमध, जिथं मेहविश आल्यापासून दर शुक्रवारी हात उचलून उभी राहत होती, तिथं कोण होतं?

४

घरी आल्यावर त्यांनी मेहविशला अर्धंच सांगितलं. दगड सापडला, धड आहे, पण दुसऱ्या कबरीवर आहे.

"आणि तुझ्या मामूंनी नेलेला नाही."

"कशावरून?"

"त्यांना चेंडू नको होता. ज्याला चेंडू नको, तो माणूस दगड फोडेल, लपवेल. दुसरीकडे नेऊन इतक्या मायेनं उभा करणार नाही. बोंबील कुणी पाठवले होते, विचार शर्मिलाला."

मेहविशनं शर्मिलावहिनींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तिनं विचारलं, "पण दुसऱ्या कबरीवर का, काका?"

"ते अजून कळायचंय. मला एक सांग. आई गेली तो दिवस तुला आठवतो?"

"नाही. मला जे आठवतं ते खोटं आहे."

"म्हणजे?"

ती उशी मांडीवर घेऊन बसली. "आम्ही बसमध्ये बसलोय. मी खिडकीशी, अब्बा शेजारी. काच तापलेली. आणि अम्मी बाहेर आहे, बसच्या बरोबरीनं धावतेय. काचेवर हात मारतेय आणि हसतेय. तिच्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आहेत, आणि एका बुटाला तपकिरी लेस, कारण पांढरी तुटली होती. मी अब्बांना हे पुन्हा पुन्हा सांगायचे. ते म्हणायचे, बेटा, आपण बसमध्ये बसलो तेव्हा अम्मी नव्हतीच. तू स्वप्न बघितलंस. मोठी झाल्यावर मी सांगणं बंद केलं." तिनं उशी जवळ ओढली. "स्वप्न तर स्वप्न. पण लेसचा रंग कसा आठवतो, तेवढं मला कळत नाही."

शर्मिलावहिनी उठून तिच्याशेजारी जाऊन बसल्या. जयप्रकाश खिडकीशी उभे राहिले. खाली रस्त्यावर मुलं चेंडू खेळत होती.

"त्या वेळी शाळेत असलेलं आणि आज कुवेतमध्ये असलेलं कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"प्रभा मावशी. आणि अशरफचाचा, शाळेची बस चालवायचे. आता शुवैखला त्यांचं गॅरेज आहे. मी आले तेव्हा भेटायला आले होते. मी त्यांना, मावशीला दाखवले तसेच, अम्मीच्या कबरीचे फोटो दाखवले, तर रडायलाच लागले."

गॅरेज. जयप्रकाशांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. आणि त्याच क्षणी त्यांना गाडीत बसलेल्या प्रभाताईंचं वाक्य आठवलं. कबर मैदानाच्या मधोमध आहे हे फोटोत साफ दिसत होतं. मग शोधायचं म्हटल्यावर त्या बाईला पहिली भिंत का सुचली?

५

शुवैखच्या त्या गल्लीत ठोकाठोकीचा आवाज असा, की बोलायचं तर ओरडावं लागे. अशरफ धनसे एका गाडीच्या दारावर पुट्टी ओढत होते. मूळचे म्हसळ्याचे, दाढी पांढरी, हात अजून मजबूत.

जयप्रकाशांनी रुमाल उघडून कपची गाडीच्या टपावर ठेवली. अशरफभाईंनी ती पाहिली, पत्रा बाजूला ठेवला आणि पोऱ्याला ठोकणं थांबवायला सांगितलं.

"प्रभाबाईंना भेटलात?"

"नाही. आधी तुमच्याकडे आलो."

"मग बाईंनाच विचारा. मी जबान दिलीय."

"मी चोर शोधत नाहीये, अशरफभाई. दगड हलवणाऱ्यानं चूक केली असंही म्हणत नाही. उलट मला वाटतं, चूक त्याआधी झाली होती आणि त्यानं ती दुरुस्त केली. तो पाइप तुम्ही पुरलात ना?"

अशरफभाई हातांची पुट्टी पुसत राहिले. "शाळेच्या मैदानावर फौजेचे ट्रक उभे करायचे तवा. एका ट्रकनं गोल मोडला. त्यातला तुकडा मी करवतीनं कापला."

"तो त्यांना का नाही सापडला मग, यूसुफभाई दगड घेऊन आले तेव्हा?"

"वाळू सरकते, साहेब. एक वादळ झालं की संपलं. मला जागा ठाऊक होती, म्हणून या वेळी सापडला. मी तर लढाईनंतर चार वर्षांनी परत आलो. यूसुफभाईंनी दगड कुठं लावला ते पाहायला मी कधी गेलोच नाय. बरोबरच लावला असेल, असं धरून चाललो."

"पण त्यांनी स्वतः माती दिली होती. त्यांना पाइपाची गरज काय?"

हा प्रश्न जयप्रकाशांनी मुद्दामच शेवटी ठेवला होता. अशरफभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गल्लीच्या टोकाकडे.

"खड्डा मी खणला," ते म्हणाले. "मी आणि शाळेचे दोन चौकीदार. एवढंच सांगतो. यूसुफभाई तिथं नव्हते."

६

प्रभाताईंनी दार उघडलं आणि जयप्रकाशांचा चेहरा बघून बाजूला झाल्या. सालमियातलं घर नीटनेटकं होतं. भिंतीवर पुण्याच्या संघाचा एक जुना फोटो होता. मधोमध नूरबानू, चेंडू पायाखाली दाबून. तिच्या मागे, क्रिकेटवाल्यांकडून मागून आणलेले विकेटकीपरचे हातमोजे घातलेल्या प्रभाताई.

"मी सांगतो, चुकलं तर थांबवा," जयप्रकाश म्हणाले. "मेहविशला जे आठवतं ते स्वप्न नाही. बस निघाली तेव्हा नूरबानू जिवंत होती. यूसुफ आणि मुलगी गेल्यावर ती वारली. म्हणून यूसुफना जागा ठाऊक नव्हती. त्यांनी दगड अंदाजानं लावला. तुम्ही आणि अशरफभाईंनी जागेवर नेला, स्मरणिकेत फोटो छापला जाण्याआधी."

प्रभाताई बसल्या. "त्या फोटोसाठीच केलं. मेहविशनं मला कबरीचे फोटो दाखवले, आणि त्यात भिंतच नव्हती. मी हबकले. इतकी वर्षं मला वाटत होतं, दगड तिच्यावर आहे. आता पोर परक्या कबरीपाशी रडत होती, आणि तोच फोटो छापून आम्ही कायमचा करून ठेवणार होतो."

"ती गेली कशी?"

"बस शाळेच्या मैदानातून सुटायच्या. तिघांना तीन जागा मिळाल्या होत्या. सुटायच्या वेळी एक बाई तान्हं मूल घेऊन आली. बानू उठली आणि म्हणाली, बसा. यूसुफही उठला, तर त्याला खांदा दाबून खाली बसवलंन. पोरीला एकटी पाठवतोस का, मी पुढच्या बसनं येते. आणि उतरली." प्रभाताई फोटोकडे बघत होत्या. "ती पुढची बस यायच्या आधी तिचं पोट दुखायला लागलं. अपेंडिक्स फुटलं. त्या दिवसांत ऑपरेशन करायला डॉक्टर होते कुठे? माझ्या मांडीवर गेली. मी भिंतीपलीकडे बसमध्ये बसून होते, अशरफनं खड्डा खणला. नावाचा दगड मिळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, गोलकीपर मी आहे, पोस्ट माझा आहे, तो तिला देऊन टाक."

"आणि यूसुफ?"

"मी इथून सुटून भारतात पोचले ती थेट रत्नागिरीला गेले. ती गेल्याचा निरोप त्यांना आधीच मिळाला होता, बाकीचं मी सांगितलं, भिंत, पाइप, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मी पोरीला सांगितलंय की तिची आई आधीच गेली. ती मला विचारेल, अम्मी उतरली तेव्हा तुम्ही का नाही उतरलात. मी काय सांगू? मला शब्द द्या. मी दिला. पुढे ते इथं आले, भिंतीला लागून शोधलं, पाइप वाळूखाली गेलेला. कुणीतरी त्यांना त्या वर्षीच्या कबरींची ओळ दाखवली, तिथं दगड लावून परत गेले. आम्हाला विचारायला आम्ही दोघंही इथं नव्हतो."

"आणि तुम्हाला वाटलं, दगड हलवला की मिटलं."

"वाटलं, शोधाल, सापडेल, कुणी म्हणेल इथल्या लोकांनी हलवला असेल. तिनं मामूंवर आळ घेतला तेव्हा माझी झोप उडाली. पण शब्द दिलाय हो मी."

जयप्रकाशांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "तो शब्द सात वर्षांच्या मुलीसाठी होता, प्रभाताई. ती मुलगी आता बावीस वर्षांची आहे. आणि तिच्यापाशी आईची एकच आठवण आहे, ती तिनं खोटी म्हणून टाकून दिलीय."

प्रभाताई उठून फोटोपाशी गेल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "शुक्रवारी गाडी कितीला काढता?"

७

या वेळी प्रभाताई आत आल्या. हळूहळू, अशरफभाईंच्या हाताला धरून. नझीरभाई आधीच येऊन भिंतीशी उभे होते. मेहविशनं त्यांना सलाम केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहू दिला.

प्रभाताईंनी सगळं सांगितलं. उभ्यानं, मधे न थांबता. मेहविश दगडाकडे बघत ऐकत होती. तान्हं मूल घेऊन आलेल्या बाईपाशी गोष्ट आल्यावर तिनं डोळे मिटले. जयप्रकाशांना धास्ती होती ती वेगळीच. बापाच्या नावानं आता काहीतरी तुटेल आणि ते आपण तोडलं असेल.

ऐकून झाल्यावर मेहविशनं एवढंच विचारलं, "तिच्या बुटाची लेस तपकिरी होती, मावशी?"

"माझ्याच बुटाची काढून दिली होती. सकाळी."

मेहविशनं मान हलवली. मग पर्समधून मोबाइल काढला आणि रत्नागिरीचा नंबर लावला. नझीरमामूंनाही ऐकू यावं म्हणून तिनं आवाज बाहेर सोडला.

"अब्बा, मी अम्मीपाशी उभी आहे. भिंतीजवळ."

पलीकडे कुणीच नाही असं वाटावं इतका वेळ गेला.

"पाइप मिळाला?" यूसुफांचा आवाज आला, म्हाताऱ्या माणसाचा.

"मिळाला. प्रभा मावशीनं सांगितलं सगळं. अब्बा, मला तुमच्यावर रागवायचं नाहीये. तिनं तुम्हाला खाली बसवलं, आणि तुम्ही माझ्यासाठी बसून राहिलात. मला एकच विचारायचंय. ती बसच्या मागे कुठपर्यंत धावली?"

प्रभाताईंनी तोंडाला पदर लावला होता. अशरफभाई जमिनीकडे बघत होते.

"मागे नाही," यूसुफ म्हणाले. "फाटकापर्यंत बरोबरीनं होती. तू काचेवर हात मारत होतीस आणि तीही. मग रस्ता मोकळा झाला, ड्रायव्हरनं वेग घेतला. मी मागे वळून बघितलं तर रस्त्यावर कुणी नाही. म्हटलं, थांबली. दमली असेल. मी मागेच बघत राहिलो. आणि तू माझी बाही ओढायला लागलीस. अब्बा, तिकडे कुठं बघताय. अम्मी पुढे आहे."

"पुढे?"

"बसच्या पुढे, बेटा. कशी गाठलीन, अल्लाह जाणे, पण चौकापर्यंत ती आपल्या पुढे होती. बसमधल्या सगळ्या बाया उठून बघत होत्या." त्यांचा आवाज फुटला आणि सावरला. "मी हे कुणाला कधी सांगितलं नाही."

"आता सांगा," मेहविश म्हणाली आणि कबरीशेजारी वाळूत मांडी घालून बसली. "पहिल्यापासून सांगा. मला वेळ आहे."